बावीस कागदांवरचा डोंगर

अर्ज मी भरत होते आणि मावशी माझ्या खुर्चीमागे उभी राहून उत्तरं सांगत होती.

"चित्रकलेतला अनुभव," मी वाचलं.

"एकतीस वर्षं."

"मावशी, ते चित्रांबद्दल विचारतायत."

"मग एकतीस वर्षं मी काय भाजी निवडत होते?"

मी एकतीस लिहिलं. पुढचा रकाना होता 'आजवरची प्रदर्शनं'. तिथे ती जराशी थांबली आणि म्हणाली, "लिही, शहरातल्या प्रत्येक रस्त्याखाली." मी मान वळवून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

मावशी पाणीपुरवठा खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनिअर लोक पेन्सिलीने नकाशे काढायचे. त्यावर अर्धवट आरपार दिसणारा ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि खालची एकेक रेघ शाईने वर उतरवायची, हे तिचं काम. त्या कागदावरून मग छापील प्रती निघायच्या आणि त्या हातात घेऊन माणसं रस्ते खणायची, नळ टाकायची. चूक झाली तर शाई वाळू द्यायची, दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची. मावशीच्या कागदांवर अशा खरवडलेल्या जागा सापडायच्या नाहीत. या कामात तिचा हात धरणारं त्या ऑफिसात कोणी नव्हतं. तिची चाल ताठ, बोलणं ताठ, आणि पट्टी न लावता मारलेली रेघही ताठ, म्हणून ऑफिसात तिचं नाव 'फूटपट्टी' पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं. एकदा नव्या शिपायाने चुकून तोंडावरच "फूटपट्टीबाई, साहेब बोलावतायत" म्हटलं, तर ती शांतपणे उठली आणि म्हणाली, "कोणते साहेब? वाकडे की सरळ?"

ती नोकरीला लागली एकोणिसाव्या वर्षी. आजोबा गेले होते आणि माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, तेव्हा पाचवीत होती. आईचं शिक्षण, कपडे, लग्न, सगळं मावशीच्या शाईच्या पेनातून झालं. आई हे कधी विसरली नाही, पण ते काम काय आहे हे तिला कधी नीट कळलंही नाही. "ताई ऑफिसात रेघा मारते," असं ती लोकांना सांगायची.

त्या रेघांमागे डोकं होतं, हे ऑफिसला एका वर्षी कळलं. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी बांधायची होती. डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या वळणदार रेषा असतात, त्यांना कंटूर म्हणतात. दोन वेगळ्या उंचीच्या कंटूर रेषा एकमेकींना छेदत नाहीत, कारण एकच जागा दोन उंचींवर असू शकत नाही. नव्या साहेबांनी दिलेल्या नकाशात त्या एका कोपऱ्यात छेदत होत्या. मावशीने पेन खाली ठेवलं, जिना चढली आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, या नकाशाप्रमाणे पाणी वर चढेल."

"तुमचं काम ट्रेस करायचं आहे," साहेब म्हणाले. "विचार करायला आम्ही आहोत."

"म्हणूनच तुमच्याकडे आणलं," मावशी म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवून खाली आली. तिने तो नकाशा हातात घेतला नाही तो नाहीच. तिचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आठ दिवसांनी टेकडीची मोजणी पुन्हा झाली आणि टाकीची जागा चाळीस पावलं सरकली. त्यानंतर साहेब स्वतः जिना उतरून खाली यायला लागले.

पुढे कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग ऑफिसातली उतरती टेबलं एकेक करून व्हरांड्यात गेली आणि मावशी रेकॉर्ड रूममध्ये. शेवटची सात वर्षं तिने आपणच काढलेल्या नकाशांच्या गुंडाळ्यांना क्रमांक घातले. निवृत्त झाली त्या दिवशी सगळ्यांनी तिला घड्याळ दिलं. घरी येऊन तिने ते भिंतीवर लावलं, समोर बसली आणि मला म्हणाली, "मी दोनशेच्या वर डोंगर काढले गं. बघितला एकही नाही."

म्हणून तो अर्ज. डोंगराच्या पायथ्याशी लोकरीची एक जुनी गिरणी होती. ती बंद पडल्यावर तिथे कलाकारांसाठी रेसिडेन्सी सुरू झाली होती. पाच आठवडे राहायचं, जेवण त्यांचं, काम आपलं. त्या वर्षीचा विषय होता आसपासचा वसंत: चित्रं, रेखाटनं, जे जमेल ते. अर्जासोबत स्वतःचं एक चित्र पाठवायचं होतं. मावशीने आमच्या मोरीचं पाठवलं. बादली, नळ, भिंतीतला ओलसर डाग आणि त्या डागामागे भिंतीच्या पोटात जिथे पाइप गळत असणार असं तिला वाटत होतं, ती जागा तुटक रेघांनी. पुढे प्लंबरने भिंत फोडली तेव्हा गळती तिथेच निघाली, पण ते चित्र पाठवून झाल्यानंतर.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, "ताई, या वयात? तिथे सगळी पोरं असतील."

"असू देत. मी त्यांचे कान थोडीच पिळणार आहे!"

मी तिला एका रविवारी सोडून आले. गिरणीच्या लांबच लांब दालनात लाकडी फळ्या टाकून सहा जणांसाठी सहा जागा केल्या होत्या. मावशीची जागा कडेची होती. मोठी खिडकी, उत्तरेचा एकसारखा उजेड. बाकीच्या पाचांत सगळ्यांत मोठे एक पन्नाशीचे चित्रकार होते. छातीपर्यंत दाढी, आवाज खर्जातला, आणि बोलायला लागले की सगळे ऐकायचे. त्यांना सगळे दाढीबुवा म्हणायचे, अर्थात मागून. मावशीच्या शेजारच्या जागेवर मातीची भांडी करणारी एक पंचविशीतली मुलगी होती. तिने पहिल्या दिवशीच मावशीला 'मावशी' करून टाकलं, आणि मावशीने तिला 'कुंभारीण'.

पहिला आठवडा वाईट गेला. मला रोज संध्याकाळी फोन यायचा. मावशीने जलरंग आणले होते, ब्रश आणले होते, आणि बाकीचे करतात तसं बाहेर बसून डोंगर रंगवायला घेतला होता.

"झाडं कोबीसारखी दिसतायत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज फ्लॉवरसारखी."

तिसऱ्या दिवशी तिने भाजीचं नावही घेतलं नाही. एकतीस वर्षं तिच्या कागदाखाली कोणाची तरी रेघ असायची. आता कागदाखाली काही नव्हतं आणि समोर सगळंच होतं. कुठून सुरुवात करायची हे तिला कळेना.

त्यातच गुरुवारी जेवणाच्या टेबलावर दाढीबुवा कोणाला तरी सांगत होते, ते तिच्या कानावर पडलं. मूळ निवड एका शिल्पकाराची झाली होती. त्याला ऐन वेळी यायला जमेना, म्हणून राखीव यादीतलं नाव घेतलं. ते नाव मावशीचं. तिने ताट उचलून ठेवलं आणि सरळ व्यवस्थापक बाईंच्या खोलीत गेली.

"मी कोणाच्या तरी जागी आले आहे, हे खरं का?"

बाई अवघडल्या. पण खोटं बोलल्या नाहीत. "हो. खरं आहे."

"जागा चांगली आहे त्याची," मावशी म्हणाली. "उजेड उत्तरेचा आहे. त्याला माझे आभार कळवा."

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गाडीचं वेळापत्रक बघून ठेवशील का?" फोन स्पीकरवर होता. शेजारून आई लगेच म्हणाली, "ये परत. कशाला उगीच जिवाला त्रास?" मी वेळापत्रक बघते म्हणाले आणि बघितलं नाही. आयुष्यात मावशीशी बोललेलं ते माझं एकमेव खोटं, आणि त्याबद्दल मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला, अगदी नाश्त्याच्या वेळी. आवाज बदललेला.

"माझ्या कपाटात वरच्या फळीवर ट्रेसिंग पेपरचं भेंडोळं आहे. तपकिरी कापडात गुंडाळलेलं. रविवारी घेऊन ये. पेनांचा डबा पण आण. आणि रंगीत पेन्सिली. ब्रश नकोत."

"काय झालं?"

"ओढ्याजवळचं तिसरं झाड काल हिरवं नव्हतं. आज आहे."

रविवारी मी भेंडोळं घेऊन पोचले तेव्हा ती गिरणीच्या मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. खुर्चीच्या चारी पायांभोवती तिने खडूने खुणा केल्या होत्या, म्हणजे खुर्ची रोज तिथेच यावी. समोर दोन काठ्या रोवून मध्ये दोरे बांधले होते, उभे आणि आडवे. त्या चौकटीतून बघितलं की डोंगर चौकोनाचौकोनांत विभागलेला दिसायचा. खाली ओढा, ओढ्याला लागून दगडी बांध, बांधाच्या वर फळबाग, आणि त्यावर उघडा उतार.

"सत्तेचाळीस झाडं आहेत बागेत," ती म्हणाली. "दोनदा मोजली."

"आणि करणार काय आहेस?"

मग तिने सांगितलं. पहिल्या कागदावर सगळा डोंगर काढायचा, जसा आहे तसा: झाडं, फांद्या, बांधातले दगड. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा कागद ठेवायचा, आणि काल नव्हतं तेवढंच त्यावर काढायचं. बाकी खालून दिसेलच. तिसऱ्या दिवशी तिसरा. वसंत ज्या वेगाने येतो त्याच वेगाने काढायचा. त्याच्या पुढे पळायचं नाही आणि मागेही राहायचं नाही.

इतकी साधी गोष्ट होती, आणि ती फक्त तिलाच सुचू शकत होती.

बुधवारी तिने पहिला कागद काढला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मधे कुंभारीण तिला पायरीवरच सूप आणि पाव आणून देत होती. त्यानंतर रोज नऊ ते अकरा. रेघा शाईच्या. ट्रेसिंग पेपरला पाणी सोसत नाही, तो सुरकुततो, म्हणून रंग पेन्सिलीचा आणि तोही कागदाच्या पाठीमागून, ऑफिसात नकाशावरची तळी रंगवायचे तसा. पाठीमागून लावलेला रंग पुढून मऊ दिसतो, कोवळ्या पानासारखा. ही युक्ती दाढीबुवांनाही माहीत नव्हती. तिच्या मागे उभं राहून ते बराच वेळ बघत राहिले, पण बोलले वेगळंच.

"बाई, हा नकाशा झाला. चित्र नाही."

"बरं."

"चित्रात चित्रकार दिसावा लागतो. यात तुम्ही कुठे आहात?"

मावशीने मान वर न करता खडूच्या खुणेकडे पेन रोखलं. "इथे. रोज नऊ ते अकरा."

कुंभारणीने हा संवाद ऐकला आणि दुपारपर्यंत तो सगळ्या गिरणीत पसरला. दाढीबुवा दोन दिवस मावशीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाट धुकं पडलं. पायरीवरून ओढासुद्धा दिसेना. मावशी खुर्चीवर बसली, दोन तास बसली, आणि अकरा वाजता उठली. त्या दिवशीच्या कागदावर कोपऱ्यात फक्त तारीख होती. दाढीबुवांनी तो कोरा कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"काहीच नाही काढलं?"

"काही दिसलंच नाही तर काय काढू? अंदाजाने?"

त्यांनी कागद खाली घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी काल धुक्याचं मोठं चित्र केलं. खोलीत बसून." आणि कागद जपून परत दिला. त्या दिवसापासून ते तिच्याशी नीट बोलायला लागले.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मावशी पायरीवर आली आणि बसलीच नाही. बागेतलं एकतिसावं झाड नव्हतं. जागेवर बुंधा होता आणि बाजूला फांद्यांचा ढीग. ती खुर्चीवरून फाइल उचलून तशीच निघाली. ओढ्यावरची फळी ओलांडली, बांधावरून चढली आणि बागेत करवत हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे जाऊन थांबली. तो बागेचा मालक. वय तिच्याएवढंच, पायात गमबूट, डोक्यावर लोकरी टोपी.

"ते झाड का पाडलंत?"

बागवाल्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "माझं झाड होतं. आतून पोकळ झालं होतं."

"त्याला डोळे फुटले होते. परवा."

"बाई, मी चाळीस वर्षं ही बाग करतोय. वाळलेलं झाड मला कळत नाही का?"

मावशीने वाद घातला नाही. फाइल उघडली आणि दोन दिवसांपूर्वीचा कागद त्याच्यासमोर धरला. बाकी कागदभर इकडेतिकडे हिरवे ठिपके होते, आणि एकतिसाव्या झाडाच्या जागी, डावीकडच्या फांदीच्या टोकाला, तीन बारीक बिंदू. बागवाला कागदाकडे बघत राहिला. मग ढिगापाशी गेला, फांद्या उलटसुलट करत एक फांदी ओढून काढली आणि तिचं टोक डोळ्यांजवळ नेलं. तीन डोळे होते.

"इतक्या लांबून दिसले तुम्हाला?"

"ऑफिसात याहून बारीक काम होतं."

बागवाल्याने फांदी बाजूला ठेवली. "आतून पोकळ होतं, हे मात्र खरं," तो म्हणाला. "या, बघा." मावशीने बुंध्यात वाकून पाहिलं. खरंच आत मूठभर भुसा होता. तिने मान हलवली. "आहे. तुमचंही बरोबर आहे."

मग त्याने विचारलं, "ते वरच्या कडेचं? ते उद्या पाडायचं होतं." मावशीने मागचे सगळे कागद एकावर एक धरले आणि त्या झाडाच्या जागेवर बोट ठेवलं. आठ दिवसांपासून त्याच्यावर दर कागदात काही ना काही वाढलं होतं, अगदी थोडं, पण रोज. बागवाल्याने करवत खांद्यावर टाकली. "राहू दे याला या वर्षी," तो म्हणाला, जणू झाडालाच सांगत होता.

त्या दिवशीच्या कागदावर मावशीने एकतिसाव्या झाडाचा बुंधा काढला. कुंभारीण म्हणाली, "मावशी, आधीच्या कागदांवरून ते झाड खरवडून टाकायचं ना? नाहीतर खालून दिसत राहील."

"दिसू दे. होतं ना तिथे."

बावीस कागद झाले. शेवटच्या शनिवारी गिरणी लोकांसाठी उघडणार होती. आदल्या दिवशी मी आणि आई दोघी पोचलो. आईला मी जवळजवळ ओढूनच आणली होती. मावशी लाकडाच्या शिडीवर उभी राहून खिडकीच्या वरच्या चौकटीला एक दांडा बसवत होती आणि दाढीबुवा खाली शिडी धरून उभे होते. बावीस कागद तिने वरच्या कडेला शिवून त्या दांड्यावर टाकले होते. पहिला कागद काचेला लागून होता आणि बाकीचे दांड्याच्या वरच्या अंगाला उलटून ठेवले होते. बघणाऱ्याने एकेक कागद मागून पुढे घ्यायचा, म्हणजे तो आधीच्यावर पडायचा. पाठीमागून खिडकीचा उजेड.

"दहा-बारा कागदांनंतर पहिला धुरकट व्हायला लागतो," दाढीबुवा मला म्हणाले. "मी म्हटलं, काचेचे तक्ते लावू, मधे अंतर ठेवू. तर ऐकत नाहीत."

"धुरकटच व्हायला हवा," मावशी शिडीवरून म्हणाली. "फुलं आल्यावर कोणाला आठवतं झाड उघडं कसं दिसत होतं?"

दाढीबुवांनी हात जोडले. शिडीचा तोल गेला आणि त्यांना ते हात परत शिडीला लावावे लागले.

शनिवारी माणसं आली. सुरुवातीला सगळे दाढीबुवांच्या मोठ्या कॅनव्हासपुढे थांबत होते, आणि थांबण्यासारखेच होते ते. मग एका बाईने मावशीच्या दांड्यावरचा दुसरा कागद पुढे घेतला, तिसरा घेतला, आणि चौथ्याला तिने नवऱ्याला हाक मारली. थोड्या वेळात तिथे रांग लागली. मी बाजूला उभी राहून चेहरे बघत होते. पहिल्या कागदाला लोक सौजन्याने मान हलवायचे. पाचव्या-सहाव्या कागदाला कोणीतरी "अरे!" म्हणायचं, कारण ओढ्याकाठचं हिरवं वर बागेत चढायला लागायचं. कोऱ्या कागदापाशी हमखास हसू यायचं आणि पुढच्या कागदाला ते थांबायचं, कारण धुक्याच्या एका दिवसात मागे किती काय घडून गेलं होतं ते एकदम समोर यायचं. अठराव्याला पांढरी फुलं. लोकांचे आवाज तिथे खाली यायचे. एक म्हातारे गृहस्थ बावीस कागद संपल्यावर पुन्हा सगळे मागे टाकून पहिल्यापासून बघायला लागले, आणि रांगेतलं कोणीही कुरकुरलं नाही.

बागवाला दुपारी आला, बायकोला घेऊन, धुतलेले बूट घालून. त्याला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तो कागद पुढे घेत गेला आणि बायकोला सांगत गेला, "हे आपलं वाकडं. हे तुझ्या बाबांनी लावलेलं. हे बघ, हे दरवर्षी उशीर करतं, मी म्हणतो ना?" एकतिसाव्या झाडापाशी तो थांबला. मग मावशीकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चाळीस वर्षांत माझी बाग माझ्याइतकी कोणी बघितली नव्हती. या बाईंनी बघितली."

मी मावशीकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच ताठ उभी होती, हात मागे बांधून. पण तिने हनुवटी जराशी वर केली होती. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. साहेब जिना उतरून खाली यायला लागले, तेव्हा कदाचित तो असाच झाला असेल, पण तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

व्यवस्थापक बाईंनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. मावशी म्हणाली, "समोरचा डोंगर आपल्या सगळ्यांनाच दिसतो. मी फक्त रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीवर बसले. एवढंच मला येतं आणि ते मला चांगलं येतं." आणि बसली. खोट्या नम्रतेचा एक शब्द नाही आणि बढाईचाही नाही. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात कुंभारीण वाजवत होती. तिच्या हातांना माती होती आणि ती सगळीकडे उडत होती.

सकाळपासून आई रांगेत उभी राहून तीनदा कागद बघून आली होती. तिसऱ्या वेळी मी तिच्या शेजारी गेले, तर ती शेवटच्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यातल्या बांधाकडे बघत होती. तिथे एकेक दगड वेगळा काढलेला होता, दोन सारखे नाहीत असे.

"ऑफिसातून घरी आल्यावर ती डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायची," आई म्हणाली. "आणि ती माझ्याशी बोलत नाही म्हणून मी भांडायचे. लहान होते गं. मला वाटायचं, रेघा मारून माणूस दमतं कशाला."



ते बावीस कागद गिरणीने ठेवून घ्यायचे ठरवले. मावशीने त्याआधी एक अट घातली: दांडा खिडकीतच राहील आणि कागद लोकांना हात लावून पुढे घेता येतील. काचेआड ठेवायचे नाहीत. बाई म्हणाल्या, "फाटतील."

"फाटले तर कळवा. मी येऊन दुरुस्त करेन."

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली, आई तिच्या शेजारी, मी मागे. उरलेल्या कागदाचं भेंडोळं आई मांडीवर आडवं धरून बसली होती. कंडक्टर तिकिटं द्यायला आला तेव्हा ते त्याच्या वाटेत येत होतं.

"काकू, ते वर ठेवा ना फळीवर."

"नाही ठेवणार," आई म्हणाली. "चित्रांचा कागद आहे. चुरगळेल."

"कोण काढतं चित्रं? तुम्ही?"

"माझी ताई," आई म्हणाली आणि मावशीकडे हात केला. "ही. डोंगर काढते. अख्खा. दगड न् दगड."

कंडक्टरने मावशीकडे पाहिलं. मावशी डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. मला ते मागून तिच्या मानेवरून कळत होतं. कंडक्टर भेंडोळ्याला धक्का लागू नये म्हणून आडवा होऊन पुढे सरकला. आई शेजारच्या रांगेतल्या बाईकडे वळली आणि तिने काही विचारलेलं नसताना सांगायला लागली, "सत्तेचाळीस झाडं आहेत बघा त्या बागेत. म्हणजे होती सत्तेचाळीस. एक पाडलं. त्याची गंमत सांगते तुम्हाला..."

मधल्या थांब्यापर्यंत ती सांगतच होती, आणि मावशीने तिला एकदाही थांबवलं नाही.